अकरा ओळी

कातळपाड्याच्या ग्रामपंचायतीत गुरुदत्त ओगले ग्रामसेवक म्हणून रुजू झाला तो १९८४च्या जूनमध्ये. गाव त्याला भाऊसाहेब म्हणू लागलं. राहायला तो बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत. सकाळी सायकलवरून निघायचा आणि साडेनऊला पंचायतीचं कुलूप काढायचा. अक्षर मोत्यासारखं. तालुक्याच्या कचेरीत त्याची प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या वृत्तांताची, वही इतर ग्रामसेवकांना नमुना म्हणून दाखवत.

त्या वहीत एक गोष्ट मात्र दाखवण्यासारखी नव्हती. सभेतले विषय लिहून झाले की शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असा मथळा येई. त्याच्याखाली गुरुदत्त अकरा ओळी कोऱ्या सोडी आणि बाराव्या ओळीवर 'अध्यक्ष' असं लिहून सरपंचांची सही घेई. सही खाली, जागा वर मोकळी.

यात लबाडी नव्हती. निम्मं गाव अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर जायचं. सभा दुपारी, तेव्हा दुसऱ्या पाळीची माणसं कारखान्याच्या वाटेवर आणि तिसऱ्या पाळीची झोपेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बायका पंचायतीच्या पायरीवर येऊन बसत. कुणाच्या दारात गटार तुंबलेलं, कुणाचा दिवा महिनाभर बंद. "पुढच्या महिन्यात सभेत मांडा" असं सांगणं नियमाला धरून होतं, पण पुढच्या महिन्यातही पाळ्या त्याच असणार. गुरुदत्त त्यांचं म्हणणं त्या कोऱ्या जागेत लिहून टाकी. एका तक्रारीला तीन ओळी. अकरा ओळींत तिघांचं भागे आणि दोन ओळी उरत.

१९८८ साली राजाबाईचा नळ असाच झाला. तिचा नवरा सोमा रंगाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. राजाबाईने सभेच्या दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, गुरुदत्तने तीन ओळी लिहिल्या आणि पाच महिन्यांनी तिच्या आळीत नळ आला. तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगायची, "यो नल भाऊसाहेबांनी लिवला."

एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने त्या मोकळ्या जागेवर पेन्सिलने तिरकी रेघ ओढली. "ओगले, यापुढे असं नको," म्हणाला. पुढच्या सभेला गुरुदत्तने जागा सोडली नाही. दुसऱ्या दिवशी पायरीवर दोघीजणी येऊन बसल्या. त्याच्या पुढच्या सभेपासून अकरा ओळी पुन्हा सुटू लागल्या.

१९९१च्या ऑगस्टमध्ये, शनिवारी सतरा तारखेला सभा झाली. बुधवारी सरपंच दौलतराव पंचायतीत आले. दौलतराव नुसते सरपंच नव्हते. सत्तेतल्या पक्षाचं तालुक्याचं निम्मं राजकारण त्यांच्या जीपमधून फिरायचं. ते खुर्चीत बसले, टोपी टेबलावर ठेवली.

"भाऊसाहेब, सतराची मीटिंग बंद केलीत का लिवून?"

"नाही. जागा आहे अजून."

"मग झालं. गुरचरणाचं घ्या त्यात. चौदा एकर. कंपनीला गोडाऊनसाठी पंचायतीची ना हरकत."

गुरुदत्तने पेन खाली ठेवलं. "दौलतराव, हा विषय सभेत निघाला नव्हता."

"राजीच्या नळाचा निघाला होता?"

गुरुदत्तने वही जवळ ओढली.

"सांगा ना. तेवा तुमाला लिवता आलं. आता काय हाताला मुंग्या आल्या?" दौलतराव हसले. रागावले नव्हते. "तुमच्याच वहीची रीत हाय, भाऊसाहेब. मी काय नवीन सांगतोय?"

गुरुदत्तने लिहिलं. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. नऊ ओळींत बसलं. खाली दौलतरावांची सही आधीपासूनच होती.

पुढच्या वर्षी गुरचरणाला काटेरी तारेचं कुंपण पडलं. गावची दीडशे गुरं रस्त्याच्या कडेला चरायला लागली. त्यातली दोन टँकरखाली गेली. दौलतरावांचा पक्षातलाच एक विरोधक होता. त्याने हे प्रकरण उचललं, मोर्चा काढला, गावकऱ्यांना अंबरनाथपर्यंत चालवत नेलं. विधानसभेत प्रश्न विचारला गेला आणि चौकशी लागली. गुन्हा दाखल झाला तो 'सरपंच व इतर' यांच्यावर. १९९३च्या डिसेंबरात गुरुदत्तला समन्स आलं. त्यात तो आरोपी नव्हता, माहितगार म्हणून बोलावलं होतं.

त्याच संध्याकाळी दौलतरावांची जीप बेलवलीत आली आणि त्याला उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये वाधवाणी वकिलांकडे घेऊन गेली. वाधवाणींचं ऑफिस कापडाच्या दुकानावर होतं. माणूस मोकळा, मराठी-हिंदी एकत्र कालवून बोलणारा.

"बैठो, ओगलेसाब. फी-बीचं टेन्शन नको. आधी हे सांगा, ठराव कुणी लिहिला?"

"मी."

"सभेत झाला होता?"

"नाही."

"कब लिखा?"

"चार दिवसांनी. दौलतरावांनी सांगितल्यावर."

वाधवाणींनी चष्मा काढला. "आता हेच तुम्ही पोलिसांना सांगितलं, तर काय होईल? दौलतरावांनी सांगितलं हे तुमचं म्हणणं. साबित करावं लागेल. पण मी लिहिलं, सभेत झालं नव्हतं, ही तुमची कबुली. ती तुमच्यावर दरवाजा उघडते. समझे?"

"मग खोटं सांगू?"

"बिलकुल नाही! खोटं नाही, खरं पण नाही. कायदा म्हणतो, ज्या जवाबामुळे आपल्यावरच गुन्हा येईल, तो जवाब द्यायला माणूस बांधील नाही. घटनेत लिहिलंय. अंग्रेजांच्या टाइमला लोक मार खाऊन कबूल करायचे, म्हणून तर हे लिहिलं. ये आपका हक है. भीक नाही."

त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यावर एकच वाक्य होतं: 'माझ्या उत्तरामुळे माझ्यावर गुन्ह्याचा आरोप येण्याचा संभव असल्याने या प्रश्नाचे उत्तर देण्यास मी बांधील नाही.'

"पाठ करा. नाव, गाव, नोकरी सांगायचं. बाकी प्रत्येक सवालाला हे. अक्षराचा नमुना मागितला तर देऊन टाका. सुप्रीम कोर्ट म्हणतं, अक्षर म्हणजे साक्ष नाही. तसंही वही त्यांच्याकडे आहेच."

गुरुदत्तला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्याच्याशी हक्काची भाषा बोललं होतं.

घरी त्याची बायको पद्मजा मेथी निवडत होती. त्याने ते वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. तिने ऐकून घेतलं.

"आणि दौलतरावांनी सांगितलं म्हणून लिहिलंत, हे कधी सांगायचं?"

"ते सांगायचं तर मी लिहिलं हे कबूल होतं."

"तुम्हीच लिहिलंय ना?"

"पद्मा, तसं नसतं ते. कायद्यात—"

"वकील कुणी दिलाय?"

ती मेथीच्या काड्या कागदात गुंडाळत म्हणाली, "मला एवढंच दिसतंय, की ज्यांनी लिहायला लावलं त्यांनीच आता गप्प बसायला लावलंय. दोन्ही वेळा जीप त्यांचीच."

"माझ्याजागी तू असतीस तर?"

पद्मजाने बराच विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि हे तिने प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

नऊ डिसेंबरला, गुरुवारी, अंबरनाथच्या एका सरकारी कचेरीच्या मागच्या खोलीत त्याला बसवलं. खिडकी बंद होती, तरी एमआयडीसीतला आंबूस वास आत येत होता. चौकशीचे निरीक्षक उबाळे पन्नाशीचे होते, आवाज चढवणारे नव्हते. टेबलावर प्रोसिडिंगची वही. त्यांनी चहा मागवला आणि नाव विचारलं. गुरुदत्तने सांगितलं.

"सतरा ऑगस्ट एक्याण्णवच्या सभेत गुरचरणाचा विषय निघाला होता का?"

गुरुदत्तने वाक्य म्हटलं. एकही शब्द चुकला नाही.

उबाळे हसले. "छान पाठ केलंय. वाधवाणींचं ना? मागच्या महिन्यात दुसऱ्या केसमध्ये हेच ऐकलं. तेव्हा 'संभव'च्या जागी 'शक्यता' होती." त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मग त्याच्या पुढचा. तीन तासांत तेवीस प्रश्न झाले. एकोणीस वेळा गुरुदत्तने ते वाक्य म्हटलं. दहाव्या वेळेनंतर त्यातला अर्थ त्यालाही ऐकू येईनासा झाला.

"चहा गार झालाय, दुसरा मागवू? का याचंही उत्तर द्यायला बांधील नाही?"

"नको, साहेब."

उबाळेंनी वही मिटली. "ओगले, आता चौकशी बाजूला ठेवून बोलतो. तुम्ही गप्प बसलात तर मी तुम्हाला हात लावणार नाही. तो तुमचा अधिकार आहे आणि मी तो मानतो. पण मला या प्रकरणात आतला एक साक्षीदार लागणार. तुम्ही आणि सरपंच, दोघांतला एक आरोपी होईल, एक साक्षीदार. तुम्ही सांगितलंत, तर वरिष्ठांकडे तुमच्यासाठी मी शब्द टाकेन. आज संध्याकाळपर्यंत तो साक्षीदार तुम्ही होऊ शकता. उद्या राजकारण कुठे असेल, ते मला विचारू नका."

गुरुदत्तला वाटलं, हा माणूस खरं बोलतोय. मग वाधवाणींचं बोलणं आठवलं: पोलीस गोड बोलतात तेव्हा जास्त सांभाळा. त्याने कोपऱ्यातल्या कपाटाकडे पाहत विसाव्यांदा वाक्य म्हटलं. कुणी प्रश्नही विचारला नव्हता.

"बरं," उबाळे म्हणाले. "मग अक्षर द्या." दोन पंच आत आले. उबाळेंनी कोरा रेघी कागद दिला आणि भलत्याच एका सभेचा वृत्तांत सांगायला सुरुवात केली. दिवाबत्ती, शाळेची कौलं, विहिरीचा गाळ. गुरुदत्त लिहू लागला. हातात पेन आलं तसं त्याला हलकं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच तो आपल्याला येणारं काम करत होता. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय," उबाळे म्हणाले, "निरंक. अध्यक्ष."

गुरुदत्तने मथळा लिहिला. त्याच्यापुढे 'निरंक', म्हणजे काही नाही, असं लिहिलं. मग हात खाली सरकला आणि बराच खाली त्याने 'अध्यक्ष' लिहिलं.

उबाळेंनी कागद आपल्याकडे वळवला. पेन्सिलच्या टोकाने एकेक ओळ मोजली. वही उघडून १९८९मधल्या एका सभेचं पान काढलं, तिथे मोजली. मग दुसरं पान, तिसरं.

"अकरा," ते म्हणाले. "ही जागा कशासाठी सोडलीत, ओगले?"

गुरुदत्तने वाक्य म्हटलं.

उबाळेंनी पंचांच्या सह्या घेतल्या. दारापर्यंत ते त्याच्याबरोबर आले. "विचारायला नको होतं मी," ते म्हणाले. "लिहून दिलंतच."

अकरा दिवसांत दौलतरावांचं आणि त्या विरोधकाचं जमलं. बदलापुरात एका लग्नात दोघे शेजारी जेवायला बसले आणि पुढच्या निवडणुकीत कुणी कुठून उभं राहायचं हे तिथेच ठरलं. वीस डिसेंबरला दौलतरावांनी जबाब दिला. वाधवाणी बरोबर होते. जबाबात त्यांनी सांगितलं, 'माझं शिक्षण चौथीपर्यंत. ग्रामसेवक सांगतील तिथे मी विश्वासाने सही करत असे. सही केली तेव्हा वरची जागा कोरी होती.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

जानेवारीत गुरुदत्त निलंबित झाला. मार्च १९९५मध्ये आरोपपत्र आलं. त्यात आरोपी क्रमांक एक गुरुदत्त ओगले. आरोपी क्रमांक दोन कंपनीचा जमिनीचा दलाल, फरारी. दौलतराव साक्षीदार क्रमांक चार. उबाळेंची तोवर बदली झाली होती.

गुरुदत्त आरोपपत्र घेऊन कॅम्प तीनमध्ये गेला. वाधवाणींनी ते हातात घेतलं नाही.

"मी आता हे नाही घेऊ शकत, ओगलेसाब. मैं दौलतराव की तरफ से हूँ."

"कधीपासून?"

वाधवाणींनी त्याच्याकडे पाहिलं. लाजल्यासारखे झाले, पण नजर हटवली नाही. "पहले से," ते म्हणाले.

"म्हणजे मला चुकीचं सांगितलंत."

"नाही. तुम्हाला जो कायदा सांगितला तो सही होता. आज पण विचाराल तर तोच सांगेन." ते चष्मा पुसू लागले. "फक्त त्या दिवशी तो कुणाच्या कामाचा होता, ते तुम्ही विचारलं नाही."

खात्याच्या चौकशीत तो पोलिसांपुढे का बोलला नाही, हाच पहिला प्रश्न आला. चौकशी अधिकाऱ्याने अहवालात लिहिलं की लपवण्यासारखं काही नसतं तर अपचारी कर्मचाऱ्याने मौन धरलं नसतं. १९९६मध्ये नोकरी गेली. पद्मजा शिकवण्या घेऊ लागली. गुरुदत्तला बेलवलीच्या नाक्यावर एका हार्डवेअरच्या दुकानात काम मिळालं. शेठने त्याचं अक्षर पाहून पावत्या लिहायला बसवलं. पहिल्या आठवड्यात शेठ म्हणाला, "ओगले, खाली इतनी जगह कायको छोडता है? कागज फुकट आता है क्या?" तेव्हापासून तो मुद्दाम ओळीला ओळ चिकटवून लिहू लागला.

खटला उभा राहिला तो १९९८च्या पावसाळ्यानंतर. अंबरनाथचे एक वकील त्याच्यासाठी उभे राहिले. सरकार पक्षाने राजाबाईला बोलावलं. ती नव्या हिरव्या लुगड्यात आली होती. पिंजऱ्यात चढताना ती गुरुदत्तकडे पाहून ओळखीचं हसली. त्याच्या बाजूने बोलायला आलोय, अशीच तिची समजूत होती.

"सतरा ऑगस्टच्या सभेला तुम्ही होतात?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"व्हते. सोमाची पाली बदलली व्हती, मंग मीच गेले."

"गुरचरणाचा विषय निघाला?"

"नाय. गुरचरनाचा नाव पन नाय निंगाला. निंगाला असता त आमी गप बसलो असतो?"

"मग वहीत कसा आला?"

"ता मंग लिवला आसंल."

"नंतर कोण लिहितं?"

"भाऊसाहेब." तिचा चेहरा उजळला. "सायेब, भाऊसाहेब लय चांगला मानूस. मीटिंगला जाता नाय आला तरी दुसऱ्या दिशी जाऊन सांगायचा, ते लिवून घ्यायचे. माजा नल तसाच लिवला त्यांनी. मीटिंगमदी नव्हता, तरी लिवला. आख्ख्या गावाचा लिवला. कवा नाय बोलले नाय."

टाइपरायटर खडखडत राहिला. गुरुदत्तच्या वकिलांनी उलटतपासणी केली नाही. तिला काय विचारणार होते?

शेवटी न्यायाधीशांनी गुरुदत्तला उभं केलं. साक्षीपुराव्यावर तुम्हाला काही सांगायचंय का, असं विचारलं. वकिलांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, नुसतं 'खोटं आहे' म्हणा. गुरुदत्तने तसं म्हटलं नाही. त्याने सगळं सांगितलं. पायरीवरच्या बायका, अकरा ओळी, तपासणीतली पेन्सिलची रेघ, बुधवार, टेबलावर ठेवलेली टोपी, 'राजीच्या नळाचा निघाला होता?' सलग सात-आठ मिनिटं तो बोलत होता. पाच वर्षं त्याने हे मनात इतक्यांदा म्हटलं होतं की एकही शब्द शोधावा लागला नाही. दौलतराव कोर्टात नव्हते. त्यांची साक्ष मागच्या तारखेलाच झाली होती.

न्यायाधीशांनी मधे थांबवलं नाही. मग टाइपिस्टला सांगितलं ते चार ओळींत बसलं. "हे यापूर्वी कुणाला सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"वकिलांना."

"वकिलांना सांगितलेलं कोर्टापुढे येऊ शकत नाही. पोलिसांना?"

"नाही, साहेब. मला तसा अधिकार होता."

"होता," न्यायाधीश म्हणाले. "तो तुमच्याविरुद्ध धरणार नाही मी. पण आज तुम्ही जे म्हणता त्याला आधारही काही नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

निकाल तिसऱ्या आठवड्यात लागला. दोन वर्षं सक्तमजुरी. अपील करता येईल, असं वकील म्हणाले, आणि कागद गोळा करू लागले. पद्मजा बाकावर बसून राहिली होती. तिने त्याचा स्वेटर पिशवीत घालून आणला होता, म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं.

बाहेर व्हरांड्यात शिपाई त्याला घेऊन थांबला होता. राजाबाई निकाल ऐकायला कातळपाड्याहून आली होती. इंग्रजीत वाचलेलं तिला कळलं नव्हतं. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"भाऊसाहेब, मी बराबर बोलले ना त्या दिशी?"

"बरोबर बोललात, राजाबाई."

"मंग सुटलात?"

त्याने नकारार्थी मान हलवली. तिला ते नीट कळायला वेळ लागला. तिने पद्मजाकडे पाहिलं, पद्मजाच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग तिचा आवाज खाली आला.

"त्या दौलत्यानीच लिवायला लावला ना तुमाला? आख्ख्या गावाला म्हाईत हाय. मंग तवाच का नाय बोललात? आमी आलो असतो ना तुमच्या मागं."

शिपायाने दंडाला हात लावला. गुरुदत्तला उत्तर द्यायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि पहिल्यांदा ओठांवर आलं ते टाइप केलेल्या कागदावरचं वाक्य, एक शब्दही इकडचा तिकडे न होता. त्याने ते गिळलं आणि शिपायाबरोबर चालू लागला. राजाबाई तिथेच थांबली, उत्तर येईल म्हणून.